स्पीडब्रेकरवरचा सूर

सोमवार, ४ मार्च

आज गाडीला नवी चाकं बसवली आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. दुकानात सगळ्यांना सांगून झालं. एक बाई बाथरूमसाठी फरशी बघायला आल्या होत्या, त्यांनाही मी चाकांचे फोटो दाखवले. त्या फरशी न घेताच गेल्या. मालकांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी इथे लिहीत नाही. टाइल्सच्या कंपन्या दर वर्षी आमच्या दुकानाला डायऱ्या वाटतात आणि दर वर्षी त्या रद्दीत जातात. यंदा एक मी घरी आणली, कारण डायरी निदान उठून जात नाही.

तर चाकं. आधीची पंधरा इंची होती, साधी, लोखंडी, वर प्लास्टिकची झाकणं. आता सतरा इंची. रिम चकचकीत, पाच पाकळ्यांची, आणि तिच्याभोवती टायर इतका बारीक की काळी किनार लावल्यासारखा. गाडी उभी असली तरी पळतेय असं वाटतं. जेवताना मी दोनदा उठून गॅलरीतून बघून आलो.

आत्यानेही खाली येऊन गाडीभोवती चक्कर मारली आणि छान आहेत म्हणाली. मग तिला चष्मेवाल्या काकांकडे सोडायला निघालो. तिच्या चष्म्याची दांडी सारखी सैल होते. काका मध्यंतरी दुकानातल्या शिडीवरून पडले आणि त्यांचा डावा खुबा बदलावा लागला, तेव्हापासून दुकान बंदच आहे. पण ते वरच राहतात, आणि माणूस घरात बसून असला तरी त्याचे हात चालतात असं आत्याचं म्हणणं. त्यामुळे दोन-तीन दिवसांनी एकदा ती वर जाऊन दांडी घट्ट करून आणते. इतका वाईट चष्मा मी पाहिला नाही. दुसरा घे म्हटलं तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

काकांच्या दुकानासमोर एक स्पीडब्रेकर आहे. आज त्यावरून गेलो आणि गाडीने असा काही दणका दिला की माझे दात एकमेकांवर आपटले. परत येताना आत्या म्हणाली, "या गाडीतून माणसाला नेता येणार नाही."

मला जरा लागलंच.

गुरुवार, ७ मार्च

दादाचा फोन. त्याने आत्याला त्याच्याकडे कायमचं न्यायचं ठरवलं आहे. तळमजल्यावर तिच्यासाठी खोली रंगवायला घेतली आहे, समोर बाग आहे, वहिनी घरी असते, दवाखाना कोपऱ्यावर आहे. मी दिवसभर दुकानात असतो, इथे तीन जिने आहेत, उद्या काही झालं तर कोण आहे तिला. त्याचं सगळं बरोबर आहे. दादाचं नेहमीच सगळं बरोबर असतं, हीच त्याची एक वाईट खोड आहे. चौदा एप्रिलला रविवार आहे, तेव्हा मी तिला गाडीने पोचवायचं.

आई-बाबा गेल्यावर आम्हा दोघांना आत्यानेच वाढवलं. ती आयुष्यभर शाळेत गाणं शिकवत होती आणि घरी आम्हाला; दादा शिकला नाही कारण त्याला वेळ नव्हता आणि मी शिकलो नाही कारण मला सूर नव्हता. दादाचं लग्न झालं, तो लांब गेला. मी आणि आत्या राहिलो.

दादाने तिला फोनवर विचारलं, येतेस ना. ती म्हणाली, बघू, रस्ता दिवसभराचा आहे आणि गाडी धक्के फार देते. म्हणजे तिला जायचं आहे, फक्त धक्क्यांची अडचण आहे.

मला ती जायला नको आहे. हे मी इथेच लिहितो, कारण तिला सांगितलं तर ती माझ्यासाठी राहील, आणि मग दादाची बाग आयुष्यभर माझ्या डोक्यावर. त्यापेक्षा गाडी नीट करतो. निदान जाताना तिला हाडं मोजावी लागू नयेत.

रविवार, १० मार्च

धक्के मोजायचे कसे? मी दुकानातून पाणसळ आणली होती, ती जी फरशी सपाट आहे की नाही हे बुडबुड्याने दाखवते. डॅशबोर्डवर ठेवली. पहिल्याच खड्ड्यात ती माझ्या मांडीवर आली.

आत्या म्हणाली तिच्याकडे बरं माप आहे. मागच्या सीटवर बसली, पाठ ताठ केली आणि सूर लावला. एकच लांब आकार, मध्ये श्वास न घेता. रस्ता सपाट होता तोवर सूर सरळ. डांबर उसवलं होतं तिथे सूर थरथरला. आणि चष्मेवाल्यांच्या स्पीडब्रेकरवर तो काचेसारखा खाडकन फुटला.

काय अक्कल आहे बाईची! इतकी वर्षं पोरांचे सूर कुठे हलतात ते ऐकण्यात घालवली, आता गाडीचं ऐकते. आम्ही दोघं इतके हसलो की मला गाडी कडेला घ्यावी लागली. ती कडेला घेतली ती नेमकी चष्मेवाल्यांच्या खिडकीखाली. वर खिडकी उघडी होती. म्हटलं, बिचाऱ्या आजारी माणसाची झोपमोड झाली. आत्याने वर बघितलं आणि केस नीट केले.

बुधवार, १३ मार्च

टायरच्या दुकानात गेलो. दुकान टायरवाल्यांचं, पण चालवतात त्यांच्या बायको. सगळे त्यांना वहिनी म्हणतात. टायरवाले मागे टायरच्या चळतीवर झोपलेले असतात. त्यांच्या मते टायरची खरी परीक्षा तीच आहे.

वहिनींनी ही सतरा इंची चाकं मला विकली, पण विकताना मोठ्या आनंदाने विकली असं मी म्हणणार नाही. आज टायरवर छापलेले आकडे दाखवून समजावलं. माझ्या टायरवर २०५, मग ४५, मग १७. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. शेवटचा आकडा रिमचा, इंचात. मधला आकडा म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची जी भिंत असते तिची उंची, रुंदीच्या शेकडा किती ते. रस्त्याचा धक्का आधी ही भिंत खाते. भिंत बुटकी, तर धक्का रिमला, रिमचा गाडीला, गाडीचा पाठीला.

म्हटलं, मग भिंत उंच करा.

म्हणाल्या, बाहेरून चाक आहे तेवढंच राहायला हवं, नाहीतर पत्र्याला घासतं आणि वेगाचा काटा खोटं बोलतो. म्हणजे रबर वाढवायचं तर रिम लहान करायची.

रिम लहान? मी दारातून गाडीकडे बघितलं. पाच पाकळ्या! मी विषय बदलला आणि विचारलं, याच टायरमधली हवा थोडी कमी केली तर? वहिनींनी मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. मी ती हो म्हणून धरली.

शुक्रवार, १५ मार्च

हवा कमी केली. कल्पना माझी, हात माझे.

गाडी मऊ झाली हे खरं. वळणावर ती आधी वळायचं की नाही याचा विचार करते आणि मग उलट्या बाजूला झुकते. आत्याचा सूर फुटला नाही, पण लोळला. ती म्हणाली पोटात ढवळतंय. मी म्हटलं, थोडं सहन कर, बोटीत बसलोय असं समज. तेवढ्यात खड्डा आला आणि बुटकी भिंत पूर्ण दबून पुढची रिम थेट दगडावर बसली. आवाज असा आला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठली.

एक पाकळी वाकली आहे. मी तिच्यावरून बराच वेळ हात फिरवत बसलो. आत्या गाडीतच होती. डावा पाय लांब करून ती काहीतरी अंदाज घेत होती. म्हणाली, इथे पाय सरळ करता येतो, ते एक बरं आहे. मग दार उघडून उतरली, पुन्हा बसली, पुन्हा उतरली. सीट जमिनीपासून फार खाली नाही ना, ते बघत होती म्हणे. उतरताना कुठे धरायचं तेही बघितलं. मी विचारलं, पाठ दुखतेय? म्हणाली, पाठ नाही, खुबा. डावा.

काल मान दुखतेय म्हणाली होती. म्हातारपणात दुखणं फिरतीवर असतं वाटतं.

मंगळवार, १९ मार्च

ठरलं. रिम लहान. मी एकदा ठरवलं की मागे बघत नाही, म्हणून सतरावरून थेट चौदावर उडी मारली. लहानच करायची तर पुरती करू. वहिनी म्हणाल्या, बसणार नाही. मी म्हटलं, तुम्ही बसवून तर बघा. त्यांनी टायरवाल्यांना उठवलं, चाक लावलं, चारही नट आवळले आणि मला म्हणाल्या, आता फिरवा.

चाक फिरेना. आतला ब्रेकचा ठोकळा रिमपेक्षा मोठा. रिम त्याला घट्ट धरून बसली. टायरवाले म्हणाले, यापेक्षा आरामशीर गाडी नाही, जागची हलणारच नाही तर धक्का कसला. हे बोलून ते परत झोपायला गेले.

मी हसलो तर हसतच सुटलो. तिथे एक गृहस्थ पंक्चर काढून घ्यायला आले होते, तेही हसायला लागले. काय झालंय ते त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगतो, मला गेल्या कित्येक महिन्यांत इतकी मजा आली नाही. सकाळी उठलो की आकडे. दुकानात गिऱ्हाईक फरशीची मापं सांगतं आणि मी मनात तिचा टायर करतो.

वहिनींनी एक विचित्र प्रश्न विचारला. मागे बसणाऱ्याचं वजन किती? वजनावर हवा ठरते म्हणाल्या. घरी येऊन आत्याला विचारलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, पंच्याऐंशी धर.

आत्या! जिची छत्री तिच्यापेक्षा जाड आहे! बायका वजन कमी करून सांगतात असं ऐकलं होतं. मी वहिनींना फोन करून आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. मग विचारलं, तुमच्या आत्या गाडीत कुठल्या रस्त्याला गातात? मी रस्ता सांगितला. नेहमी तोच का, म्हणाल्या. मी म्हटलं, तिथला स्पीडब्रेकर सगळ्यात वाईट आहे ना. वहिनी म्हणाल्या, हो, हो, तसंच असेल. आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक आलं असावं.

रविवार, २४ मार्च

पंधरा इंची रिम बसते. पण पंधरातही मी साधा टायर घेणाऱ्यातला नाही. १९५, ७०. भिंत कशी, किल्ल्याच्या तटासारखी. वहिनींनी दाराच्या आतल्या खांबावरचा स्टिकर दाखवला. गाडी बनवणाऱ्यांनी त्यावर आकडे छापून ठेवलेत, १८५, ६५, १५. म्हटलं, ते सगळ्यांसाठी असतं, माझी आत्या सगळ्यांसारखी नाही. शेवटी त्या म्हणाल्या, दोन दिवस लावून फिरा, टायर खराब करू नका, परत आणाल तेव्हा बोलू. परत आणलात तर, असं त्या म्हणाल्या नाहीत हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

गाडी उंच झाली. मी सिंहासनावर बसल्यासारखा बसलो. सरळ रस्त्यावर स्वर्ग. स्पीडब्रेकरवर आत्याचा सूर नुसता हलला, फुटला नाही. मी आनंदाने गाडी वळवली आणि चाक आतल्या पत्र्याला घासायला लागलं. खर्रर्र. आत्या वरचा सूर धरून, गाडी खालचा. पूर्ण वळण दोघींनी मिळून गायलं. वर खिडकीत चष्मेवाले काका काठी काखेत धरून उभे होते आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हात जोडून माफी मागितली. आत्या म्हणाली, माफी कसली मागतोस, त्यांना आवडलंय. मग म्हणाली, उभे राहायला लागलेत बघितलंस ना. मी म्हटलं, हो, पण हे घासणं आधी बघायला हवं.

गुरुवार, २८ मार्च

दादाचा फोन. खोलीला फिका हिरवा रंग दिला आहे. पडदे कुठले हवेत? आत्या म्हणाली, तुला आवडतील ते लाव. दादा म्हणाला, अगं पण राहायचंय तुला. आत्या म्हणाली, रंग छान निवडलास हो. मग तिने फोन माझ्याकडे दिला आणि चष्मा घट्ट करायला गेली. पायी. मी सोडतो म्हटलं तर म्हणाली, एवढंसं तर आहे. तिच्या चालण्याचा वेग बघता तिला टायर कशाला हवेत हाच प्रश्न आहे.

दादा विचारत होता, ती खूश आहे ना? म्हटलं, खूप. ते खोटं नव्हतं. जिना उतरताना ती गुणगुणत होती. तिला जायचा इतका आनंद झाला असेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि मग वाईट वाटल्याचं वाईट वाटलं.

सोमवार, १ एप्रिल

हार पत्करली. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेत तेच टायर. १८५, ६५, १५.

वहिनींनी माझीच जुनी लोखंडी चाकं मागून काढली. मी देऊन गेलो होतो तिथेच होती. विकली का नाहीत विचारलं तर म्हणाल्या, कुणी घेईना. टायर मात्र नवे, मऊ रबराचे घेतले. माझ्या पाच पाकळ्या त्यांनी भिंतीवर टांगल्या आहेत, वाकलेली बाजू भिंतीकडे करून. ही त्यांची माणुसकी.

गाडी आता दिसायला अगदी कशीतरी आहे. सत्तर वर्षांच्या शिस्तीच्या माणसाची वाटते. मी गॅलरीतून बघायला गेलो नाही.

रविवार, ७ एप्रिल

हवा दारावर लिहिलीय तेवढी भरली. मागे पंच्याऐंशी किलोंसाठी लिहिलंय तसं किंचित जास्त. आत्याला बसवलं. सूर लागला. उसवलेलं डांबर आलं, गेलं. मी आरशात बघत होतो. स्पीडब्रेकर आला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली.

सूर हलला नाही. अगदी तसूभरही नाही. ती खिडकी ओलांडून, वळणापर्यंत तो तसाच सरळ गेला आणि मग तिने तो हळूच खाली ठेवला.

"झालं," आत्या म्हणाली.

मी वेड्यासारखा हॉर्न वाजवला. गाडीतून उतरून चारही टायरना थोपटलं. माझ्या आयुष्यात मी एवढं बरोबर काहीच केलं नव्हतं. घरी आलो, जेवायला बसलो, आणि मग समोर आत्या भात वाढत असताना मला कळलं की मी काय केलंय. ती ज्या एका गोष्टीसाठी थांबली होती ती मीच दूर केली. खर्च करून, हौसेने, नाचत. इतका मूर्ख माणूस या गावात दुसरा नसेल.

मी म्हटलं, भूक नाही. ती म्हणाली, आनंद झाला की माणसाची भूक जाते. स्वतः मात्र दोनदा भात घेतला.

शनिवार, १३ एप्रिल

उद्या निघायचं. तिने एकही बॅग भरलेली नाही. विचारलं तर म्हणते, होईल. चांगले कपडे मात्र इस्त्री करून ठेवलेत, आणि माझा पांढरा शर्टही. प्रवासाला पांढरा शर्ट कशाला, तर म्हणे उद्या घाल. पुढची खोली झाडून घेतली, चार कप काढून पुसले. आम्ही दोघंच आहोत हे तिला आठवत नसावं.

उद्या आधी एकाला वाटेत घ्यायचंय, असंही म्हणाली. कुणाला, ते सांगेना. शेजारच्या बाईंची बहीण असेल, त्यांना नेहमी फुकटात कुठेतरी जायचं असतं. मी चिडलो नाही. गाडीत तिसरं माणूस असलं तर निदान मी वाटेत रडणार नाही.

टायरमधली हवा पुन्हा बघितली. बरोबर आहे.

रविवार, १४ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो. मध्ये मध्ये अक्षर बिघडेल.

सकाळी पांढरा शर्ट घालून खाली उतरलो. आत्या मागे न बसता माझ्या शेजारी बसली. पुढे बसून तुझी पाठ, असं मी सुरू केलं तर म्हणाली, चल. चष्मेवाल्यांच्या दारापाशी थांबायला सांगितलं. दार उघडं होतं आणि दारात काका उभे. काठी, कोट, भांग पाडलेला. आत्याने उतरून मागचं दार उघडलं, कुठे धरायचं ते दाखवलं, डावा पाय आधी लांब करून कसा आत घ्यायचा ते सांगितलं. एकदाही चुकली नाही. काका बसले. सीटची उंची त्यांना बरोबर होती. सगळं त्यांना बरोबर होतं. आणि तरीही, मी शपथेवर सांगतो, तरीही माझ्या डोक्यात एवढंच आलं की काकांना दवाखान्यात सोडायचं असेल.

मी म्हटलं, आत्या, आपल्याला लांब जायचंय, तुझ्या पाठीला उशी घेतली का?

"माझी पाठ ठणठणीत आहे," ती म्हणाली. "चालव."

तिने परत घराच्या दिशेला हात केला, म्हणून मी गाडी वळवून घेतली. स्पीडब्रेकर दहा पावलांवर. माणूस पंच्याऐंशी किलोंचा असेल, हे मला आरशात बघून पटलं. आत्याने सूर लावला. सवयीने असेल किंवा त्यांना धीर यावा म्हणून असेल. पुढची चाकं चढली आणि इतकी हळुवार उतरली की काका "अरे" म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला.

"अहो," ते मला म्हणाले. लहानपणी मी त्यांच्या दुकानातल्या काचा बोटांनी बरबटायचो तेव्हापासून ते मला अरेतुरे करतात. आज पहिल्यांदा अहो. "घरी येऊन, तुमच्यासमोर बसून रीतसर विचारणार होतो. एकदा टॅक्सीने निघालोही होतो, पण या स्पीडब्रेकरवरच जीव गेला आणि परत वर न्यावं लागलं. म्हटलं, विचारीन तर स्वतः जाऊनच. पण आता गाडी इतकी छान चाललीय की घरापर्यंत दम निघत नाही. मला तुमच्या आत्याशी लग्न करायचंय. तुमची काही हरकत आहे का?"

सूर फुटला.

मागची चाकं अजून स्पीडब्रेकरवर चढलीही नव्हती. पुढची उतरली होती, मागची अलीकडे होती, गाडी गुळगुळीत डांबरावर होती. गाडीचा दोष अजिबात नव्हता. हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

मी ब्रेक मारला आणि आम्ही स्पीडब्रेकरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून तसेच उभे राहिलो. मागून हॉर्न सुरू झाले. आत्या समोर बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं, तेही तिला कळत नव्हतं. मग महिनाभराच्या सगळ्या गोष्टी माझ्या डोक्यात एकदम घुसल्या. खुबा, पाय लांब करणं, पंच्याऐंशी, केस नीट करणं, टाळ्या. दांडी! मी तिच्या चष्म्याकडे बघितलं. दांडी अगदी घट्ट होती. कधी सैल होती तरी का?

"म्हणजे तू दादाकडे जाणार नाहीस?" मी विचारलं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला हे माझं उत्तर.

"मी कधी म्हटलं जाते म्हणून?" आत्या म्हणाली. "मी म्हटलं, बघू. तुला एकट्याला टाकून जाईन का मी? स्पीडब्रेकरच्या पलीकडे जाणार आहे फक्त."

मग मी रडलो की हसलो ते मागच्या गाडीवाल्याला विचारायला हवं, तो उतरून काचेवर टकटक करत होता. मी काच खाली करून त्याला म्हटलं, माझ्या आत्याला मागणी आलीय. तो बिचारा अभिनंदन म्हणाला आणि मग विचारलं, ती गाडी जरा पुढे घेऊन घालता येणार नाही का.

मी काकांकडे वळलो. म्हटलं, हरकत आहे. आत्याने झटकन मान वळवली. म्हटलं, हरकत एवढीच की मला अहो म्हणायचं नाही.

घरी पोचेपर्यंत काका एकदाही कण्हले नाहीत. तीन जिने त्यांना आम्ही दोघांनी मिळून, प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवून चढवले. ती खुर्ची आत्याने शेजाऱ्यांकडून आधीच मागून ठेवली होती. चार कपांतला चौथा वहिनींसाठी होता. टायरवाल्या वहिनी. त्या आमच्या आधी येऊन दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, पंच्याऐंशी ऐकलं तेव्हाच मी मिस्टरांना उठवून सांगितलं होतं. म्हणजे जो माणूस दिवसभर झोपलेला असतो त्यालासुद्धा माझ्याआधी माहीत होतं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, पण मी खोली रंगवली. आत्या म्हणाली, अरे, उन्हाळ्यात दोघं येऊ की, गाडी आता लांबच्या रस्त्याला चालते. दादाने विचारलं, टायर कुठले? मी आकडे सांगितले. तो म्हणाला, ते तर दारावर लिहिलेलं असतं. दादाचं नेहमीच सगळं बरोबर असतं.

मंगळवार, १६ एप्रिल

लग्न जूनमध्ये, तोवर काका कुणाच्या आधाराशिवाय जिना उतरायला लागतील. मग आत्या तिकडे राहायला जाईल. घर रिकामं होणारच आहे, त्याचं काही सोंग करत नाही. सकाळी तिने डबा भरून दिला आणि मी उगाचच स्वयंपाकघरात उभा राहून बघत बसलो. पण मग मोजलं, तर आमच्या घरापासून काकांपर्यंतचं अंतर एका श्वासातल्या सुराएवढं आहे. तिच्या श्वासात, माझ्या नाही.

आज दुकानात जाताना मी मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. एकटाच होतो. स्पीडब्रेकर दिसल्यावर काय झालं कोण जाणे, मी काचा खाली केल्या, पाठ ताठ केली आणि सूर लावला. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने. पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, उतरली, आणि माझा सूर कुठेही फुटला नाही. मला इतका अभिमान वाटला.

वरची खिडकी उघडली. आत्या तिथे आधीच पोचली होती, चष्मा घट्ट करायला.

"खाली लागलाय," ती म्हणाली. "पुन्हा लाव."

मी गाडी मागे घेतली.